जमिनीखालचे चिचू कलासंग्रहालय पाहताना

मे महिन्यात जपानला गेल्यावर ओसाकाहून एक दिवस नाओशिमा बेटावर जाण्याचा आपला बेत आहे. तेथील चिचू कलासंग्रहालयात अवघ्या नऊ कलाकृती आहेत, आत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि इमारत तर जवळजवळ संपूर्ण जमिनीखाली आहे. तेव्हा वास्तुकलेचे शिक्षण नसलेल्या माणसाने तेथे नेमके पाहायचे तरी काय, आणि त्यासाठी बुलेट ट्रेन, लोकल, बोट आणि बस असा द्राविडी प्राणायाम करावा का, असे आपण विचारले आहे. जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र 'एका सुंदर इमारतीत ठेवलेली चित्रे व शिल्पे' या अपेक्षेने गेलात, तर तासाभरात पाहून होईल आणि एवढ्यासाठी आलो का, असे वाटत राहील. गेली अनेक वर्षे इमारती रचण्याचे आणि विद्यार्थ्यांना त्या पाहायला शिकवण्याचे काम करत असल्याने, ही वास्तू कोणत्या क्रमाने आणि कशाकडे लक्ष देत पाहावी, हे थोडे विस्ताराने सांगतो.

चिचूचे जे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे, ते आकाशातून टिपलेले आहे. हिरव्या टेकडीच्या माथ्यावर सुरीने कापून काढल्यासारखे दिसणारे चौरस, त्रिकोण आणि आयत, आणि त्यापलीकडे सेतो अंतर्देशीय समुद्र, असे ते दृश्य आहे. गंमत अशी की तिकीट काढून आत जाणाऱ्या एकाही माणसाला हे दृश्य दिसत नाही. त्याला दिसते ती रस्त्याच्या कडेची एक काँक्रीटची भिंत आणि तिच्यातून आत जाणारी वाट. या इमारतीला दर्शनी बाजूच नाही. देऊळ असो, किल्ला असो वा एखादे आधुनिक विमानतळ असो, आपण आधी लांबून आकार पाहतो, मग जवळ जाऊन तपशील पाहतो आणि शेवटी आत शिरतो. येथे पहिल्या दोन पायऱ्या गळून पडतात. उरतात त्या फक्त आत गेल्यावर अंगाला जाणवणाऱ्या गोष्टी: प्रकाश कोणत्या बाजूने आणि किती येतो, पायाखालची जमीन चढते की उतरते, दोन भिंतींमधले अंतर कमी होते की वाढते, आणि थोडा वेळ थांबल्यावर यांतले काय बदलते.

जमिनीवरच्या इमारतीत उजेड चहूबाजूंनी आपोआप येतो आणि वास्तुविशारदाला तो अडवावा लागतो, म्हणून तो छज्जे काढतो, पडदे सुचवतो, काचांना रंग देतो. जमिनीखाली नेमके उलट होते, कारण मुळात काहीच आत येत नाही आणि जेवढे यावे असे वाटते तेवढ्यालाच वाट करून द्यावी लागते. त्यामुळे चिचूमधला प्रत्येक कवडसा कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेला आहे. हे एवढे ध्यानात धरले, तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

ही वास्तू याच बेटावर का, हे थोडक्यात सांगायला हवे. नाओशिमा हे कागावा प्रांतातले छोटे बेट असून त्याच्या उत्तर टोकाला १९१७ पासून मित्सुबिशी कंपनीचा तांबे गाळण्याचा कारखाना आहे. त्याच्या धुराने त्या भागातल्या टेकड्यांवरची झाडे करपून गेली होती. शेजारच्या तेशिमा बेटावर तर पुढे बेकायदा टाकलेल्या औद्योगिक कचऱ्याचे प्रकरण इतके गाजले की तो कचरा प्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे नाओशिमालाच आणावा लागला. दक्षिणेकडचा किनारा मात्र सेतोनाइकाई राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असल्याने तेथे बांधकामावर कडक बंधने आहेत. १९८५ साली प्रकाशन व्यवसायातले तेत्सुहिको फुकुताके आणि तेव्हाचे नगराध्यक्ष चिकात्सुगु मियाके यांनी या दक्षिण भागाचा सांस्कृतिक दृष्टीने विकास करायचे ठरवले. तेत्सुहिको यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र सोइचिरो यांनी ते काम पुढे नेले आणि वास्तुविशारद म्हणून तादाओ अंदो यांना बोलावले. अंदो यांनी तेथे १९९२ मध्ये 'बेनेसे हाउस' हे संग्रहालय व निवासस्थान उभारले आणि तेसुद्धा बरेचसे डोंगरात दडवले. पुढे सोइचिरो फुकुताके यांनी फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे कुमुदिनींचे एक प्रचंड चित्र मिळवले, त्या चित्राला साजेशी जागा हवी म्हणून नवे संग्रहालय रचण्याचा विचार सुरू झाला आणि जुलै २००४ मध्ये चिचू खुले झाले. १९२६ साली निवर्तलेल्या मोने यांच्या सोबतीला वॉल्टर डी मारिया आणि जेम्स टरेल हे दोन अमेरिकन कलावंत का निवडले, या कोड्याचे उत्तरही प्रकाशातच आहे, कारण तिघांच्याही कामाचा तोच मूळ विषय आहे.

निसर्गाला धक्का लागू नये म्हणून इमारत जमिनीत पुरली, असे बहुतेक माहितीपत्रके सांगतात. हे अर्धेच खरे आहे. डोंगर पोखरून किंवा कोरून ही दालने काढलेली नाहीत. आपल्याकडच्या वेरूळच्या कैलास लेण्यात कारागिरांनी माथ्यापासून खाली दगड काढत नेला आणि नको तेवढा काढल्यावर उरले ते मंदिर झाले. चिचूत तसे काहीही नाही. तेथे टेकडी वरून उघडी केली गेली, खोल खड्ड्यात सळया बांधून आणि सेंट्रिंग लावून काँक्रीटची दालने ओतली गेली, आणि ती पुरेशी मजबूत झाल्यावर त्यांच्यावर व त्यांच्याभोवती माती परत भरून झाडे लावली गेली. आज दिसणारी हिरवळ ही अस्पर्श टेकडी नसून नीट बरी झालेली जखम आहे. ती इतकी बेमालूम बरी झाली हे कौतुकास्पदच आहे, पण समुद्रावरून पाहणाऱ्याला टेकडी टेकडीसारखीच दिसावी हा हेतू आणि निसर्गाला हातच लावला नाही हा दावा, यांत फरक करायला हवा.

अशा बांधकामाचा खरा शत्रू भार नसून पाणी असते, हे ज्यांनी साधे तळघर बांधले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मातीचा आडवा दाब भिंतीच्या जाडीने आणि सळयांनी पेलता येतो आणि त्याचे गणित ठरलेले आहे. पाऊस मुरून भिंतीमागे साठलेले पाणी मात्र सांधा शोधत राहते. म्हणून भिंतीच्या पाठीमागे पाणी वाहून नेणारा थर, त्याच्या आत वॉटरप्रूफिंग आणि तळाशी निचऱ्याचे नळ अशी सगळी न दिसणारी व्यवस्था करावी लागते. मातीखाली तापमान वर्षभर बरेच स्थिर राहते आणि हा संग्रहालयाच्या दृष्टीने मोठाच फायदा असतो. परंतु जपानच्या दमट उन्हाळ्यात बाहेरची हवा थंड भिंतीला लागली की दव धरते, त्यामुळे हवेतली आर्द्रता यंत्रांनी सांभाळण्यावाचून गत्यंतर नसते. आत फिरताना यांतले काहीच दिसणार नाही आणि ते दिसत नाही यातच त्या कामाची प्रत आहे.

दिसेल ते काँक्रीट. अंदो यांच्या इमारतींत गिलावा नसतो आणि रंगही नसतो; साचा काढल्यावर जे रूप मिळते तेच अंतिम असते. ओसाकात १९४१ साली जन्मलेल्या आणि एके काळी व्यावसायिक मुष्टियुद्ध खेळलेल्या या माणसाने वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही, तरीही १९९५ साली त्यांना वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, त्यामागे या काँक्रीटचा मोठा वाटा आहे. भिंतीजवळ उभे राहून पाहा. सुमारे ९० सेंटिमीटर गुणिले १८० सेंटिमीटर अशा आयतांच्या बारीक रेषा दिसतील. साच्याच्या एकेका प्लायवुडचे ते माप आहे आणि जपानी घरातल्या तातामी चटईचे मापही साधारण तेच असते. प्रत्येक आयतात ठरावीक अंतरावर गोल खळगे दिसतील. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे साचे ओल्या काँक्रीटच्या दाबाने फाकू नयेत म्हणून त्यांना जोडणारे लोखंडी बांध त्या जागी असतात आणि साचा काढल्यावर त्यांची टोके बुजवली की हे खळगे उरतात. आपल्याकडे ते सिमेंटने भरून लपवतात, अंदो ते मुद्दाम राखतात. त्याची किंमत अशी की खळग्यांची आणि सांध्यांची रांग पूर्ण इमारतभर जुळायची असेल, तर प्रत्येक भिंतीची लांबी, उंची, दाराची जागा, पायरीची उंची, सारे त्या एका मापाच्या हिशेबात बसवावे लागते. त्यात आणखी चिचूतल्या काही भिंती सरळ उभ्या नसून किंचित कललेल्या आहेत. कललेल्या साच्यात काँक्रीट ओतताना हवेचे बुडबुडे वर येतात आणि वरच्या बाजूच्या प्लायवुडखाली अडकतात, म्हणून आकाशाकडे कललेल्या पृष्ठावर बारीक छिद्रांचे प्रमाण जास्त असण्याची भीती असते. व्हायब्रेटर जास्त फिरवला तर खडी खाली बसते आणि कमी फिरवला तर पृष्ठ भोकाळते. कललेल्या भिंतींच्या दोन्ही बाजू शक्य असेल तेथे ताडून पाहा. इतका समसमान पृष्ठभाग हातच्या कामातून मिळणे किती दुर्मीळ आहे, हे आपल्याकडच्या कोणत्याही उड्डाणपुलाच्या खांबाकडे एकदा नीट पाहून गेलात तर लगेच कळेल.

आता प्रत्यक्ष वाटेविषयी. तिकीट केंद्र आणि संग्रहालय यांच्यामध्ये रस्त्याने थोडे चालावे लागते आणि त्या रस्त्याकडेला मोने यांच्या फ्रान्समधल्या जिव्हेर्नी येथील बागेतल्या वनस्पतींवरून बेतलेली एक बाग व छोटे तळे आहे. बहुतेक लोक येथून घाईने पुढे जातात. थांबा, कारण मे महिन्यात येथे फुले असतात आणि पुढे जे चित्र पाहायचे आहे त्यातली पाने, पाणी आणि प्रतिबिंब प्रत्यक्षात कसे असते, हे येथेच पाहून ठेवता येते. नंतर प्रवेशाची भिंत लागते आणि तिच्यातून आपण एका लांब, मंद उजेडाच्या वाटेत शिरतो. डोळे उन्हातून आलेले असतात, बाहुल्या लहान झालेल्या असतात आणि त्या मोठ्या व्हायला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे मिळावीत अशाच बेताने ही वाट लांबवलेली आहे, असे मी मानतो.

वाटेच्या शेवटी एक चौरस चौक येतो, वर मोकळे आकाश आणि तळाशी टोकुसा नावाची वनस्पती दाट लावलेली. नेच्याच्या नात्यातल्या या वनस्पतीला म्हणण्यासारखी पाने नसतात. गुडघाभर उंचीच्या हिरव्या उभ्या कांड्यांचा तो एक दाट गालिचाच असतो. चार राखाडी भिंती, त्यांच्या कडेने वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि मधोमध हा एकच रंग. येथे एक बारीक चकवा आहे. आपण जमिनीखालच्या इमारतीत आलो आहोत, म्हणजे खाली उतरणार, असे मन धरून चालते. प्रत्यक्षात येथे आपण चढू लागतो. चढून पुढे गेल्यावर दोन उंच भिंतींमधून जाणारी, वरून उघडी असलेली एक अरुंद वाट लागते, जिच्या भिंती कललेल्या असल्याने आकाशाची पट्टी कोठे सरळ आणि कोठे तिरकी वाटते. या वाटेच्या टोकाला पोचेपर्यंत आपण टेकडीत किती खोल आहोत आणि समुद्र कोणत्या बाजूला आहे, याचा अंदाज बहुतेकांचा चुकलेला असतो. दिशाभान असे जाणूनबुजून काढून घेणे मला इतर इमारतींत खटकते. रुग्णालयात किंवा रेल्वे स्थानकात तो अपराधच ठरेल. येथे मात्र ते कामाचे आहे, कारण दिशा हरवल्यावर माणूस आपोआप उजेडाच्या मागे जाऊ लागतो.

पुढचा चौक त्रिकोणी आहे आणि माझ्या मते वास्तुरचनेच्या दृष्टीने ही संपूर्ण इमारतीतली सर्वांत धाडसी जागा आहे. येथे तळाशी हिरवे काही नाही, केवळ फोडलेल्या चुनखडीच्या दगडांचा खच आहे. भोवतीच्या भिंतीत एक लांबच लांब आडवी फट ठेवली आहे आणि उतरत्या वाटेवरून चालताना त्या फटीतून चौकातला दगड आणि त्यावरचे ऊन दिसत राहते. फटीच्या वर मात्र काँक्रीटची भिंत अखंड चालू असते. एवढ्या लांबीत मध्ये खांब नसताना वरचा भार कोठे उतरतो, असा प्रश्न येथे पडायलाच हवा. ती वरची भिंत म्हणजे प्रत्यक्षात एक प्रचंड उंचीची तुळई आहे आणि तिचे वजन फटीच्या टोकांकडे व मागच्या स्लॅबकडे वळवलेले आहे. अभियंत्यांनी हे गणित इतके शांतपणे लपवले आहे की पाहणाऱ्याला केवळ जड वस्तू तरंगत असल्याचा भास होतो. फटीची उंचीही मोजून ठरवलेली वाटते. उभ्याने पाहिल्यास एक दिसते, थोडे वाकून पाहिल्यास आकाशाचा तुकडाही दिसतो.

मोने यांचे दालन खालच्या पातळीवर आहे. तेथे बूट काढून संग्रहालयाच्या सपाता घालाव्या लागतात, त्यामुळे बंदांचे बूट टाळावेत. आधी एक अंधुक पूर्वदालन लागते आणि समोरच्या उघड्या चौकटीतून मुख्य दालनातले मोठे चित्र अचूक मध्यावर दिसते. हे चित्र प्रत्येकी सुमारे २ मीटर गुणिले ३ मीटरच्या दोन फलकांचे, म्हणजे एकूण ६ मीटर रुंदीचे आहे. बाजूच्या भिंतींवरची चित्रे धरून एकूण पाच. सगळी मोने यांच्या अखेरच्या काळातली, मोतीबिंदूने दृष्टी अधू झाल्यानंतरही चालू राहिलेल्या कामातली आहेत.

दालनात विजेचा दिवा नाही. छतातून उजेड येतो, तोही थेट नाही तर परावर्तित होऊन. भिंती पांढऱ्या आहेत, कोपरे गोलाकार आहेत आणि जमिनीवर दोन सेंटिमीटर बाजूचे पांढऱ्या संगमरवराचे सुमारे सात लाख घन बसवलेले आहेत. यांतली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. कोपरा काटकोनात असला की तेथे सावलीची एक उभी रेघ पडते आणि डोळा तिच्यावरून खोलीचे माप काढतो. कोपरा गोल केला की माप हरवते आणि भिंत चित्राच्या पाठीमागे धुक्यासारखी विरून जाते. संगमरवराची मोठी, घासून चकचकीत केलेली लादी घातली असती, तर तिच्यात छताचे आणि माणसांचे प्रतिबिंब दिसले असते. बारीक घनांच्या असंख्य कडा व सांधे उजेड सगळीकडे विखुरतात, त्यामुळे चित्राच्या खालच्या भागालाही जमिनीकडून मंद उजेड मिळतो. सपातांमुळे पावलांचा आवाज तर थांबतोच, शिवाय माणसांची चालही धीमी होते.

दिवसाच्या उजेडावर सोडलेले दालन ही संग्रहालयाच्या प्रचलित नियमांच्या दृष्टीने धाडसाची गोष्ट आहे. जलरंग आणि कापडासाठी साधारण ५० लक्स, तैलचित्रांसाठी २०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अशा मर्यादा जगभर पाळल्या जातात आणि त्या दिव्यांनी सांभाळणे सोपे असते. पण मोने यांची इच्छा नैसर्गिक उजेडाचीच होती. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात त्यांच्या कुमुदिनींसाठी बांधलेली लंबवर्तुळाकार दालने १९२७ साली उघडली, तेव्हा उजेड वरूनच येत होता. १९६० च्या दशकात तेथे वर मजला चढवून तो अडवला गेला आणि २००६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तो मजला काढून उजेड परत आणावा लागला. तेथे चित्रे आपल्याभोवती वेढा घालतात, चिचूत ती समोर आणि बाजूंना थोड्या अंतरावर राहतात. मला व्यक्तिशः चिचूचा मार्ग अधिक पटतो, कारण येथे चित्राकडे चालत जाण्यासाठी जागा आहे आणि दहा पावले मागे घेतली की रंगाच्या फटकाऱ्यांचे पुन्हा पाणी होते. ढग सूर्यावर आला की दालन काही क्षणांत निळसर होते आणि चित्रातला जांभळा पुढे येतो. ऊन परतले की हिरवा वर येतो. किमान एक ढग येऊन जाईपर्यंत तेथे थांबावे.

वॉल्टर डी मारिया यांच्या दालनात कलाकृती आणि वास्तू यांत सीमारेषाच नाही. दालन म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जाणारा एक रुंद जिना आहे. मधल्या टप्प्यावर २.२ मीटर व्यासाचा, आरशासारखा घासलेला काळ्या ग्रॅनाइटचा गोल ठेवलेला आहे आणि भिंतींवर सोन्याचा वर्ख चढवलेली २७ लाकडी शिल्पे आहेत. प्रत्येक शिल्पात तीन दांडके आहेत आणि प्रत्येक दांडके त्रिकोणी, चौकोनी किंवा पंचकोनी आहे. तीन जागी तीन प्रकार मांडायचे म्हटले तर ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे बरोबर २७ रचना होतात आणि यांतली एकही दुसऱ्यासारखी नाही. हे हिशेब माहीत असले की आपण नुसते 'सोनेरी काठ्या' म्हणून पुढे जात नाही, दोन शेजारच्या रचना ताडून पाहू लागतो.

वरच्या लांब झरोक्यातून येणारा उजेड सूर्याबरोबर सरकतो, वर्खावर चढतो आणि उतरतो. गोलाजवळ गेलात की त्यात झरोका, जिना, आपण स्वतः आणि मागून येणारे लोक, सगळे वाकलेले दिसते. एक पायरी चढलात की त्यातले झरोक्याचे प्रतिबिंब डोळ्यातल्या बुबुळासारखे जागा बदलते. हा गोल कोठूनही संपूर्ण पाहता येत नाही, कारण नेहमी त्याची पलीकडची बाजू उरते आणि जिना चढल्याशिवाय ती दिसत नाही. बरेच लोक खालूनच पाहून परत फिरतात. आपण वरपर्यंत जा आणि वळून प्रवेशाच्या दिशेने पाहा, कारण तेथून प्रमाणबद्धतेचा खरा अंदाज येतो. दालनात आवाज घुमतो, म्हणून माणसे आपोआप गप्प होतात. पांढऱ्या कपड्यांतले कर्मचारीही जवळजवळ हातवाऱ्यांनीच सूचना देतात. सकाळी आलात की दुपारी, यावर येथे काय दिसते ते अवलंबून आहे. तीनही कलावंतांत निवड करायचीच झाली, तर अंदो यांची वास्तू सर्वाधिक समजते ती याच दालनात.

टरेल यांच्या तीन कृती आहेत. १९६८ ची 'अफ्रम, पेल ब्लू' म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात प्रक्षेपकाने टाकलेला उजेड, जो लांबून तरंगणाऱ्या निळसर घनासारखा दिसतो आणि जवळ गेल्यावर दोन भिंतींवरचे उजेडाचे डाग ठरतो. २००० ची 'ओपन फील्ड' आधी एका सपाट निळ्या पडद्यासारखी भासते. पायऱ्या चढून आपल्याला त्या पडद्याच्या 'आत' जायला सांगतात आणि तेथे भिंतींच्या कडाच दिसेनाशा होतात. कर्मचारी सांगतील त्याच्या पुढे पाऊल टाकू नका, कारण तेथे जमीन कोठे संपते हे डोळ्यांना कळत नाही. एका वेळी मोजकेच लोक सोडत असल्याने गर्दीच्या दिवशी येथे रांग लागते आणि आत वेळही कमी मिळतो. या कृतीला गर्दीचा जाच सर्वांत जास्त होतो. २००४ ची 'ओपन स्काय' ही छताला चौकोनी तोंड असलेली खोली आहे, भिंतीलगत बसायला जागा आहे. छताच्या तोंडाची कड आतल्या बाजूने इतकी निमुळती केली आहे की स्लॅबची जाडी दिसतच नाही, परिणामी आकाश खोल न वाटता कागदासारखे छतावर चिकटवल्यासारखे वाटते. ठरावीक शुक्रवारी व शनिवारी संध्याकाळी येथे भिंतींवरचे रंग बदलत सूर्यास्त दाखवण्याचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. त्यासाठी वेगळे आरक्षण लागते आणि शेवटच्या बोटींचे वेळापत्रक पाहता बेटावर मुक्काम असेल तर तो अधिक सोयीचा पडतो.

व्यवहाराच्या काही गोष्टी. प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट आगाऊ ऑनलाइन घ्यावे लागते. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते, सोमवारी सुटी आली तर दुसऱ्या दिवशी. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सलग सुट्या असतात, तो आठवडा टाळावा. शिन-ओसाकाहून ओकायामापर्यंत बुलेट ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास, तेथून लोकलने उनो बंदर आणि पुढे नाओशिमाच्या मियानोउरा बंदरापर्यंत सुमारे २० मिनिटांची बोट. मग गावची बस त्सुत्सुजी-सो थांब्यापर्यंत आणि तेथून संग्रहालयाची मोफत बस. सकाळची वेळ धरायची तर फार लवकर निघावे लागेल, म्हणून एक ते दीडच्या सुमाराची वेळ घ्यावी असे सुचवतो. या वेळेला सूर्य मध्यावरून ढळू लागलेला असतो, त्यामुळे डी मारिया यांच्या दालनातला उजेड आपल्यादेखत सरकतो. ढगाळ हवा असली म्हणून हिरमुसू नये. मोने यांच्या दालनाला ती उलट मानवते. आतल्या जिन्यांचा आणि उतारांचा त्रास होणारे ज्येष्ठ बरोबर असतील, तर तिकीट केंद्रावरच सांगून ठेवा.

आत किमान अडीच तास ठेवा आणि एक फेरी पूर्ण झाली की दुसरी करा. पहिल्या फेरीत लक्ष कलाकृतींकडेच राहते आणि तसेच राहावे. दुसऱ्या फेरीत दालनांमधल्या वाटा पाहा, कारण वास्तूचा बराचसा विचार तेथे खर्च झाला आहे. त्यानंतर समुद्राकडे उघडणाऱ्या उपाहारगृहात बसून, विद्यार्थ्यांना मी देतो तो एक उद्योग करून पाहा. एका कागदावर चौरस चौक, त्रिकोणी चौक आणि तीन दालने यांची एकमेकांच्या संदर्भातली जागा आठवून रेखाटा आणि मग माहितीपुस्तिकेतल्या नकाशाशी ताडा. रेखाटन जेथे चुकेल, तेथेच अंदो यांनी आपल्याला फिरवले, असे समजावे. छायाचित्रे काढता येत नाहीत याची खंतही त्या कागदाने बरीच कमी होते.

त्याच दिवशी वेळ उरला, तर भोपळ्याच्या प्रसिद्ध पिवळ्या शिल्पाजवळच्या छायाचित्रांच्या रांगेत तो घालवू नका, ते बसमधून दिसतेच. जवळच अंदो यांनीच रचलेले, २०१० साली उघडलेले, ली उफान या कलावंताच्या कामांचे संग्रहालय आहे, तेही अर्धेअधिक दरीत दडलेले. तेथे उंच भिंती आणि मोकळे अंगण यांचा खेळ आहे, दगड आणि लोखंडी पत्रे यांची कामे आहेत, आणि चिचूनंतर लगेच पाहिल्यास एकाच हाताने काढलेल्या दोन भूमिगत जागा किती वेगळ्या होऊ शकतात हे नीट कळते. मुक्काम करणार असाल, तर होनमुरा गावातले मिनामिदेरा मात्र चुकवू नये. साध्या लाकडी भिंतींची ती इमारत अंदो यांची आणि आतली संपूर्ण अंधाराची कृती टरेल यांची आहे. चिचूत मंद उजेड कसा वापरतात हे पाहिल्यावर तेथे काळोखात डोळे हळूहळू काय शोधतात, याचा अनुभव मिळतो. तेशिमा बेटावरचे, वास्तुविशारद र्यूए निशिझावा यांनी रचलेले संग्रहालय चिचूहून सरस आहे, असे मानणारे माझे अनेक सहकारी आहेत. त्यांच्याशी मी या मुद्द्यावर भांडतो, परंतु एका दिवसात दोन्ही बेटे करू नयेत, यावर आमचे एकमत आहे.